काउंटीच्या कचेरीत न सापडणारी दिवाळखोरी: ग्रामीण नेब्रास्कातून नोंदी शोधणे आणि अर्ज दाखल करणे

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला कसलाही सरकारी कागद हवा असला की त्याचे पाय आपोआप तालुक्याच्या कचेरीकडे वळतात. अमेरिकेच्या ग्रामीण भागात राहायला गेल्यावरही ही सवय सुटत नाही, आणि ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही, कारण जमिनीचे डीड (मालकीचा दस्त), मालमत्ता कर, लग्नाचा परवाना आणि राज्याच्या कायद्याखालचे बहुतेक दावे तिथे काउंटीच्या, म्हणजे राज्याच्या स्थानिक प्रशासकीय विभागाच्या, कोर्टहाउसमध्येच सापडतात. दिवाळखोरी मात्र तिथे सापडत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने हा विषय केंद्राच्या, म्हणजे काँग्रेस या तिथल्या संसदेच्या हाती दिला आहे. आज लागू असलेली दिवाळखोरी संहिता १९७८ च्या कायद्याने आली, २००५ मध्ये तिच्यात मोठे बदल झाले, आणि तिच्याखालचे प्रत्येक प्रकरण संघीय दिवाळखोरी न्यायालयातच चालते. काउंटीच्या खिडकीवर विचारले तर तिथला कारकून फार तर न्यायालयाचा पत्ता सांगेल.

उदाहरणासाठी नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी घेऊ. क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढे, आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेपाच हजार. व्हॅलेंटाइन हे काउंटीचे मुख्य गाव, आणि भोवती सँडहिल्सची गवताळ टेकाडे व गुरांची रँचेस. संपूर्ण नेब्रास्का राज्य मिळून एकच न्यायिक जिल्हा आहे, आणि त्याच्या दिवाळखोरी न्यायालयाची क्लार्क कार्यालये ओमाहा आणि लिंकन या पूर्वेकडच्या दोन शहरांत आहेत. व्हॅलेंटाइनहून ओमाहा सुमारे ३०० मैल. हे अंतर ऐकूनच अनेकांचा धीर सुटतो, पण नोंदी पाहण्यापासून कर्जमुक्तीचा आदेश मिळेपर्यंतची बहुतेक कामे घरातल्या टेबलावर बसून होतात. अर्जदाराचे पाऊल अडते ते मैलांमुळे नव्हे, अपुऱ्या भरलेल्या कागदांमुळे.

आधी नोंदी कशा शोधायच्या

नोंद शोधण्याची कारणे निरनिराळी असतात. कोणाला स्वतःच्या जुन्या प्रकरणातला कर्जमुक्तीचा आदेश गृहकर्जासाठी हवा असतो, कोणाला आपले पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकाने अर्ज केला आहे का हे पाहायचे असते, तर कोणी जमीन घेण्यापूर्वी विकणाऱ्याची स्थिती तपासतो. पैसे न मोजता सुरुवात करायची असेल तर टेलिफोनवरची माहितीसेवा आहे. १-८६६-२२२-८०२९ या निःशुल्क क्रमांकावर न्यायालय निवडून व्यक्तीचे नाव किंवा प्रकरण क्रमांक दिला की यंत्र प्रकरणाची तारीख, प्रकार, ट्रस्टीचे (प्रकरणाचा कारभार पाहायला नेमलेल्या व्यक्तीचे) नाव आणि सद्यःस्थिती वाचून दाखवते. कागद मात्र या सेवेतून मिळत नाहीत.

कागदांसाठी पेसर ही संघीय न्यायालयांची ऑनलाइन व्यवस्था आहे. खाते उघडण्यास पैसे पडत नाहीत. पाहिलेल्या प्रत्येक पानामागे १० सेंट आकारले जातात, आणि एका दस्तऐवजाला कमाल ३ डॉलर, म्हणजे ३० पानांइतकेच शुल्क लागते. बारा पानांचा अर्ज १ डॉलर २० सेंटला पडतो, आणि साठ पानांच्या परिशिष्टांना ३ डॉलरच लागतात. तीन महिन्यांच्या कालखंडात एकूण बिल ३० डॉलर किंवा त्याहून कमी झाले तर ते माफ होते, त्यामुळे एखादे प्रकरण पाहणाऱ्याला प्रत्यक्षात काहीच भरावे लागत नाही. मात्र नावाने केलेल्या शोधाच्या निकालांना ३ डॉलरची मर्यादा लागू नसते. नुसते ‘पाटील’ टाइप करून देशभर शोध लावला तर निकालाची पाने वाढत जातात आणि बिलही.

मराठी नावांच्या बाबतीत इथे थोडे थांबायला हवे. आपले मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते आणि अमेरिकी कागदांवर ते कधी येते, कधी गळते, तर कधी पहिल्या नावाला चिकटते. ‘देशपांडे’सारख्या आडनावाची रोमन स्पेलिंगेही सगळ्यांची सारखी नसतात. म्हणून आडनावाची दोन-तीन रूपे घेऊन, राज्य नेब्रास्का निवडून, शक्य असल्यास सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांशी ताळा करून पाहावे. पेसरचा देशव्यापी शोध रोज एकदाच अद्ययावत होतो, म्हणून कालपरवा दाखल झालेले प्रकरण त्यात दिसले नाही तर थेट नेब्रास्का न्यायालयाच्या प्रणालीत शोधावे.

प्रकरण उघडले की समोर येतो तो त्याचा रोजनामा, आणि आपल्याकडच्या कोर्टाची पायरी चढलेल्याला तो परका वाटणार नाही. क्रमांकाचे पहिले दोन आकडे वर्ष सांगतात. त्याखाली तारीखवार ओळी असतात: अर्ज दाखल, समुपदेशनाचे प्रमाणपत्र, ३४१ बैठकीची (ट्रस्टी अर्जदाराला शपथेवर प्रश्न विचारतो त्या बैठकीची) नोटीस, ट्रस्टीचा अहवाल, आणि शेवटी कर्जमुक्तीचा आदेश किंवा प्रकरण फेटाळल्याचा आदेश. या शेवटच्या दोहोंतला फरक नीट वाचावा. ‘डिस्चार्ज’ म्हणजे कर्जातून सुटका. ‘डिसमिस’ म्हणजे प्रकरण निकाली निघाले, पण कर्ज जागच्या जागी. नुसती ‘क्लोज्ड’ ही नोंद पाहून कर्जमुक्ती झाली असे समजणाऱ्यांची गल्लत इथेच होते. सार्वजनिक कागदांत सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चारच अंक, जन्माचे केवळ वर्ष आणि अल्पवयीन मुलांची फक्त आद्याक्षरे असतात, त्यामुळे त्याहून अधिक काही शोधू नये.

ज्याला पैसे खर्च करायचे नाहीत आणि ओमाहा किंवा लिंकनला जाणे होणारच आहे, त्याला क्लार्क कार्यालयातल्या सार्वजनिक संगणकावर नोंदी फुकट पाहता येतात. छपाईला पानामागे १० सेंट पडतात. संगणकपूर्व काळातली कागदी प्रकरणे न्यायालयात नसतात. नेब्रास्काच्या संघीय न्यायालयांचे जुने अभिलेख कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कक्षेत येतात, आणि ते मागवण्यासाठी आधी न्यायालयाच्या क्लार्ककडून प्रकरण क्रमांक, हस्तांतरण क्रमांक आणि खोक्याचा क्रमांक घ्यावा लागतो.

कोणता चॅप्टर

चॅप्टर म्हणजे दिवाळखोरी संहितेतला भाग, आणि कोणत्या भागाखाली अर्ज करायचा हे आधी ठरवावे लागते. चॅप्टर ७ मध्ये कायद्याचे संरक्षण नसलेली मालमत्ता ट्रस्टी विकतो आणि उरलेल्या बहुतेक कर्जांतून मुक्ती मिळते. प्रत्यक्षात सामान्य माणसाकडे विकण्याजोगे बहुधा काही उरत नाही. त्यासाठी उत्पन्नाची चाचणी आहे: अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांच्या सरासरीवरून वार्षिक उत्पन्न काढून ते राज्यातल्या तेवढ्याच मोठ्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून पाहतात. ज्याची कर्जे मुख्यतः धंद्याची आहेत त्याला ही चाचणी लागूच होत नाही, आणि गावाकडे छोटे मोटेल किंवा पेट्रोलपंप स्वतःच्या नावावर चालवणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसते. धंदा एलएलसीच्या, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या, नावावर असेल तर कंपनीला वकिलाशिवाय अर्जच करता येत नाही, आणि चॅप्टर ७ मध्ये कंपनीला कर्जमुक्तीही मिळत नाही. मालकाने दिलेली वैयक्तिक हमी ही निराळी बाब राहते.

चॅप्टर १३ मध्ये नियमित उत्पन्न असलेली व्यक्ती तीन ते पाच वर्षांच्या हप्त्यांची योजना देते. घराचे थकलेले हप्ते भरून घर वाचवायचे असेल तर हाच मार्ग. १ एप्रिल २०२५ पासून यासाठी विनातारण कर्ज ५,२६,७०० डॉलरपेक्षा आणि तारण कर्ज १५,८०,१२५ डॉलरपेक्षा कमी असावे लागते.

रँचच्या मुलखात मात्र खरा विचार करायचा तो चॅप्टर १२ चा. १९८०च्या दशकातल्या शेती संकटात, १९८६ साली, हा भाग शेतकरी कुटुंबांसाठी तात्पुरता म्हणून आला आणि २००५ मध्ये कायमचा झाला. एकूण कर्ज १ एप्रिल २०२५ पासून १,२५,६२,२५० डॉलरपर्यंत चालते. त्यातले, राहत्या घराचे कर्ज वगळून, किमान निम्मे शेतीतून आलेले हवे, आणि उत्पन्नाचाही निम्म्याहून अधिक भाग शेतीचा हवा. अर्जानंतर ९० दिवसांत योजना द्यावी लागते. हप्ता दरमहाच भरावा असे बंधन नाही, म्हणून वासरे विकल्यावर वर्षातून एकदा भरण्याची योजनाही मांडता येते. जमिनीची किंमत कर्जाच्या खाली गेली असेल तर तारण कर्ज त्या किमतीपर्यंत उतरवता येते. शेतकऱ्याला त्याच्या मर्जीविरुद्ध धनको दिवाळखोरीत ओढू शकत नाहीत, हा नियमही ध्यानात असू द्यावा. बँकेचा माणूस तशी धमकी देत असेल तर ती पोकळ आहे. आपल्याकडे ‘कर्जमाफी’ सरकार जाहीर करते आणि यादीत नाव येण्याची वाट पाहावी लागते. इथे माफी कोणी जाहीर करत नाही, स्वतःच्या हिशेबावर योजना बांधून न्यायाधीशाकडून ती मंजूर करून घ्यावी लागते. हे काम वकिलाशिवाय करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. परवडत नसेल तर लीगल एड ऑफ नेब्रास्का आणि शेतकऱ्यांसाठीची नेब्रास्का रूरल रिस्पॉन्स हॉटलाइन इथून सुरुवात करावी.

अर्जाआधीची तयारी

गेल्या १८० दिवसांतला बहुतांश काळ जिथे वास्तव्य होते त्या न्यायिक जिल्ह्यात अर्ज होतो. नागरिकत्वाची अट नाही, ग्रीन कार्ड किंवा कामाच्या व्हिसावर असलेल्यालाही अर्ज करता येतो. अर्जापूर्वीच्या १८० दिवसांत अमेरिकी न्याय विभागाने मान्य केलेल्या संस्थेकडून पतसमुपदेशन घेणे बंधनकारक आहे. ते फोनवर किंवा इंटरनेटवर होते. आधी अर्ज आणि मग समुपदेशन असा क्रम झाला तर प्रकरण फेटाळले जाऊ शकते.

आता काउंटीच्या कोर्टहाउसची गरज पडते. घराच्या किंवा जमिनीच्या डीडची प्रत घ्यावी, मालमत्ता कराचे मूल्यांकन घ्यावे, आणि आपल्याविरुद्ध झालेल्या निवाड्यांचा बोजा जमिनीवर चढला आहे का हे तपासावे. जोडीला दोन-चार वर्षांची करपत्रके, ६० दिवसांच्या पगारपावत्या, बँकेची विवरणे आणि कर्जफेडीचा इतिहास नोंदवणाऱ्या तिन्ही पतमापन कंपन्यांचे अहवाल जमवावेत.

सर्व अर्जनमुने यूएसकोर्ट्स डॉट गव्ह या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात: मुख्य अर्ज १०१, मालमत्ता, कर्जे, उत्पन्न आणि खर्च यांची १०६ मालिकेतली परिशिष्टे, आर्थिक व्यवहारांचे विवरण १०७, आणि सार्वजनिक न होणारा सोशल सिक्युरिटीचा नमुना १२१. पैसे घेऊन नुसते अर्ज भरून देणाऱ्यांना कायदेशीर सल्ला देण्याची मुभा नाही. एखादा ‘सात करू की तेरा?’ याचे उत्तर देऊ लागला तर तिथून उठावे.

भारतातली मालमत्ता

मराठी माणसाचे अर्ज जिथे बिघडू शकतात ती जागा म्हणजे परिशिष्ट १०६ ए/बी. कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता जगात कुठेही असो, ती मालमत्ताच. पुण्यातला फ्लॅट, एनआरई खाते, पीपीएफ, एलआयसीची पॉलिसी, आईच्या लॉकरमध्ये ठेवलेले आपले दागिने, नातेवाइकाच्या नावावर ठेवलेली पण खरी आपली असलेली मुदत ठेव, हे सारे लिहावे लागते.

गावाकडच्या जमिनीचा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘सातबाऱ्यावर माझे नाव नाही, मग मी काय लिहू?’ असे विचारले जाते. वडिलोपार्जित हिंदू एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलाचा हक्क जन्माने येतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही. त्यामुळे सातबारा कोरा असला तरी हिस्सा असू शकतो. समजा, साताऱ्याकडच्या चार एकरांत वडील आणि दोन भावंडे यांच्यासह आपला वाटणी न झालेला हिस्सा आहे. परिशिष्टात गाव, गट क्रमांक, एकूण क्षेत्र, ‘एकत्र कुटुंबातील अविभक्त हिस्सा’ असे वर्णन आणि अंदाजे बाजारभाव लिहावा. रेडी रेकनरचा दर आधाराला घेता येतो, पण तो बाजारभाव नव्हे, हे नोंदवावे. असा हिस्सा अमेरिकेतून विकणे ट्रस्टीला बहुधा परवडणारे नसते, म्हणून लिहिल्याने नुकसान होईलच असे नाही. न लिहिल्याने मात्र कर्जमुक्ती जाऊ शकते, आणि जाणूनबुजून लपवणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा संघीय गुन्हा आहे.

अर्जानंतरच्या १८० दिवसांत कोणी जवळचे वारले आणि वारसा आला, तर तोही या प्रकरणात येतो आणि न्यायालयाला कळवावा लागतो. तसेच, अर्जाआधीच्या वर्षभरात नाशिकच्या भावाचे उसने पैसे आधी फेडले असतील तर ट्रस्टी ते परत मागू शकतो, कारण नातेवाइकांना इतरांपेक्षा झुकते माप देणे कायद्याला मान्य नाही. ‘घरच्यांचे तरी बुडवू नये’ ही भावना समजण्यासारखी आहे, पण भावाचे नाव धनकोंच्या यादीत इतरांच्याच रांगेत जाते.

कोणती मालमत्ता संरक्षित, हे नेब्रास्काच्या यादीवरून ठरते, संघीय यादी तिथे निवडता येत नाही. गेल्या ७३० दिवसांत दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना मात्र बहुधा आधीच्या राज्याचे नियम लागतात.

दाखल करणे

शुल्क चॅप्टर ७ साठी ३३८ डॉलर, १३ साठी ३१३ आणि १२ साठी २७८. ते चारपर्यंत हप्त्यांत भरता येते. चॅप्टर ७ मध्ये उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपेक्षा कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो. वकील इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखल करतो. स्वतः करणाऱ्याने टपालाने पाठवण्याआधी न्यायालयाच्या संकेतस्थळावरच्या स्थानिक सूचना वाचाव्यात.

टपालाबाबत एक इशारा द्यायला हवा. फेब्रुवारीत आपल्या पाकिटावर व्हॅलेंटाइन गावाचा शिक्का उमटावा म्हणून लोक दूरदूरहून पत्रे पाठवतात, पण न्यायालयाला त्या शिक्क्याशी देणेघेणे नाही. कागद क्लार्ककडे पोहोचला ती दाखल तारीख. त्या क्षणी वसुली, पगारातली कपात आणि लिलाव यांवर आपोआप स्थगिती येते, त्याआधी नाही. लिलाव शुक्रवारी असेल तर बुधवारी टपालात टाकलेला अर्ज काही कामाचा नाही. घाई असेल तर मुख्य अर्ज, नमुना १२१, धनकोंची नावे-पत्ते, समुपदेशनाचे प्रमाणपत्र आणि शुल्क एवढेच आधी देता येते, उरलेली परिशिष्टे १४ दिवसांत द्यावी लागतात. धनकोंच्या यादीत चुकीचा पत्ता गेला तर त्याला नोटीस पोहोचत नाही आणि पुढे वाद उभा राहतो, म्हणून पत्ते ताज्या बिलांवरून उतरवावेत. ग्रामीण टपालाचा भरवसा नसेल तर न्यायालयाच्या नोटिसा ईमेलने मिळण्याची नोंदणी फुकट करता येते.

३४१ बैठक आणि पुढे

चॅप्टर ७ मध्ये अर्जानंतर २१ ते ४० दिवसांत ट्रस्टी शपथेवर प्रश्न विचारतो. न्यायाधीश तिथे नसतो. चॅप्टर ७, १२ आणि १३ च्या या बैठका आता सर्वसाधारणपणे झूमवर होतात, त्यामुळे ओमाहाची फेरी वाचते. चेरी काउंटी मात्र दोन कालपट्ट्यांत विभागली आहे. पश्चिमेकडच्या रँचवरचे घड्याळ ओमाहापेक्षा एक तास मागे असते. नोटिशीतली वेळ कोणती, हे आदल्या दिवशीच पक्के करावे. छायाचित्राचे ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटीचा पुरावा हाताशी ठेवावा, ताजे करपत्रक ट्रस्टीला सात दिवस आधी पोहोचवावे. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाष्याची मागणी आगाऊ करावी, ही सोय फुकट असते. ‘सगळी मालमत्ता लिहिली आहे का? कोणाकडून वारसा अपेक्षित आहे का?’ हे प्रश्न हमखास येतात. उत्तर थोडक्यात आणि खरे द्यावे. परिशिष्टात चूक आढळली तर बैठकीआधीच दुरुस्ती दाखल केलेली बरी.

गावात बसची सोय नसल्याने पिकअप ट्रक गमावणे परवडत नाही. ट्रकवरचे कर्ज चालू ठेवायचे की ट्रक परत द्यायचा, हे अर्जानंतर ३० दिवसांत लेखी कळवावे लागते. पुन्हा करार करून ते कर्ज अंगावर घेतले की ते कर्जमुक्तीतून वगळले जाते, म्हणून ट्रकची किंमत आणि बाकी रक्कम यांचा हिशेब आधी मांडावा.

यानंतर आर्थिक व्यवस्थापनाचा दुसरा अभ्यासक्रम करावा लागतो. तो विसरल्यास प्रकरण कर्जमुक्तीविना बंद होते आणि पुन्हा उघडायला वेगळे शुल्क पडते. कोणी हरकत घेतली नाही तर चॅप्टर ७ मध्ये अर्जापासून साधारण चार महिन्यांत कर्जमुक्तीचा आदेश येतो. मुलांचा निर्वाहखर्च, अलीकडचे कर आणि फसवणुकीने घेतलेली कर्जे त्यातून सुटत नाहीत, शैक्षणिक कर्जासाठी स्वतंत्र दावा लावून असह्य हलाखी सिद्ध करावी लागते. पतअहवालात ही नोंद दहा वर्षांपर्यंत राहू शकते.

आदेश आला तरी घरावर चढलेला निवाड्याचा बोजा आपोआप उतरत नाही. कर्ज फेडण्याची वैयक्तिक जबाबदारी जाते, बोजा राहतो. संरक्षित मालमत्तेवरचा असा बोजा काढण्यासाठी दिवाळखोरी न्यायालयातच स्वतंत्र विनंती करावी लागते, आणि प्रकरण चालू असतानाच ती करणे सोपे जाते. तो आदेश मिळाला की क्लार्ककडून त्याची प्रमाणित प्रत घ्यावी, ती घेऊन व्हॅलेंटाइनच्या कोर्टहाउसमध्ये जावे, जिथे बोजा नोंदलेला आहे तिथेच ती नोंदवावी, आणि नोंद क्रमांक टाकलेली पोच हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.